मीटर कुणावर धरलाय?

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘डहाणू-तलासरीला आदिवासी जीवनाचे फोटो काढायला जायचंय, कुठली लेन्स नेऊ?’ उत्तर सोपं आहे. ३५ आणि ८५ मिलिमीटर, दोन पुरतात. पण त्या प्रश्नात ‘आदिवासी जीवन’ आहे, माणूस कुठेच नाही. आमच्या धंद्याची खोड तिथेच दिसते, म्हणून आज या दोन तालुक्यांतल्या फोटोंबद्दलच बोलू. आम्ही म्हणजे कॅमेऱ्यावर पोट असणारे लोक. टीका आहे ती आमच्यावरच.

सगळ्यात जास्त काढला जाणारा फोटो घ्या. तारपा नाच. वाळलेला दुधी, बांबू आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य. वाजवणारा मधे असतो, आणि कमरेला हात घालून बांधलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती फिरते. नाचणाऱ्यांचं सगळं लक्ष आत, तारप्याकडे. बाहेर उभं राहिलं की आपल्याला मिळतात पाठी. मग महोत्सवात काय होतं? ‘जरा इकडे बघा, गोल मोकळा करा.’ गोल मोडतो, सगळे एका ओळीत हसत उभे राहतात, फोटो छापूनही येतो. पण तो तारपा नाच उरलेला नसतो. वारली चित्रांत हाच नाच वळत जाणाऱ्या वेटोळ्यासारखा काढतात, कारण काढणाऱ्याला तो कसा फिरतो ते ठाऊक असतं. तेव्हा आधी दोन फेऱ्या नुसत्या बघा. मग विचारून आत जा, तारपेवाल्याच्या जवळ बसा. शटर १/३० ठेवलात तर पाय हलल्यासारखे येतील आणि त्याचे फुगलेले गाल जागेवर राहतील. पाय पुसट झाले तर होऊ द्यात, नाचच आहे तो.

आता उजेडाचं बघू. कुडाच्या घरात आत अंधार, दारात दुपारचं ऊन, उंबऱ्यावर बाई बसलेली. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो. अंगण जास्त उजळ असतं, म्हणून तो एक्स्पोजर खाली आणतो. अंगण छान येतं आणि बाईचा चेहरा काळा ठिक्कर. या फोटोला पुष्कळदा ‘नाट्यमय’ म्हणून वाखाणलं जातं. आमचं म्हणणं, त्यात नाट्य काही नाही, मीटर अंगणावर होता एवढंच. स्पॉट मीटरिंग लावा, गालावर धरा. मात्र तो आकडा तसाच घेऊ नका. मीटर ज्यावर धराल त्याला मध्यम करड्या रंगावर आणू पाहतो, म्हणजे सावळा चेहरा उगाच उजळ होतो. साधारण अर्धा ते एक स्टॉप खाली या, चेहरा आहे तसा येईल. याहून सोपा उपाय म्हणजे त्यांना दाराच्या उजेडाकडे किंचित वळून बसायला सांगणं. त्यासाठी आधी बोलावं लागतं, आणि बोलणंच आम्ही टाळतो.

भिंतीवरच्या चित्रालाही हाच नियम. गेरूची गडद भिंत, तांदळाच्या पिठाच्या बारीक रेघा. कॅमेरा भिंत बघून एक्स्पोजर वाढवतो, गेरू नारिंगी होतो आणि रेघा पसरतात. एक स्टॉप कमी करा. फ्लॅश नको. सकाळचं तिरकं ऊन मिळालं तर सारवणारीच्या बोटांचे वळसुद्धा उमटतात.

आता एक गंमत सांगतो. याच भागातला लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओवाला बघा. त्याला नवरा-नवरीचं नाव, पाडा, मामा कोण, आत्या कोण, सगळं माहीत असतं. अल्बम द्यायचा असतो ना! पण तोच नंतर कॉम्प्युटरवर बसून सगळ्यांना गोरं करतो, कारण गिऱ्हाईक मागतं. शहरातून गेलेले आम्ही कातडीचा रंग इमानाने ठेवतो, पण फोटोखाली लिहितो ‘वारली स्त्री, डहाणू’. एकाच्या फोटोत नाव आहे, रंग नाही. दुसऱ्याच्या फोटोत रंग आहे, नाव नाही. दोघांनी एकमेकांकडे शिकायला जायला हरकत नाही.

मार्च २०१८चा नाशिक ते मुंबई शेतकरी मोर्चा आठवा. त्यात या भागातले आदिवासीही चालले होते. वनहक्काच्या जमिनीची मागणी होती. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध वारली उभे राहिले, ते याच तलासरीकडच्या पट्ट्यात, शामराव आणि गोदावरी परुळेकरांसोबत. त्या २०१८च्या मोर्चातले कुठले फोटो गाजले? सोललेल्या तळपायांचे. त्या फोटोंनी काम केलं, शहर हललं, हे नाकारायचं नाही. पण जमीन पायाच्या नावावर होत नाही, माणसाच्या नावावर होते. पायाच्या शेजारी नावासकट चेहरा असता तर मागणीसुद्धा लक्षात राहिली असती.

चित्रकलेत हे घडलेलं आहे. लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत आल्या, आणि बाहेरच्या जगाला त्यांतल्या कुणाचं नाव माहीत झालं नाही. पुढे चित्र कागदावर आलं आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे नावाने ओळखले गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथली चित्रं आता सहीने ओळखली जातात. तिथल्या माणसांचे फोटो मात्र अजून जमातीच्या नावाने.

ही चूक आम्हीही केली आहे. एका पाड्यावर एका म्हातारीचा फोटो काढला होता, चांगला आला होता. काही वर्षांनी तिचा नातू विचारत आला, आजी गेली, घरात तिचा एकही फोटो नाही, तुमच्याकडे असेल का? आम्ही शोधला. आमच्या हार्ड डिस्कवर ‘वारली वृद्धा’ या नावाच्या फाइली पुष्कळ निघाल्या. तो बिचारा दुपारभर शेजारी बसून एकेक चेहरा बघत होता. सापडला नाही. त्या दिवशी कळलं, नाव लिहून ठेवणं हा शिष्टाचार नाही, तो आमच्या कामाचाच भाग आहे. जो फोटो त्याच्या हक्काच्या माणसाला सापडत नाही, तो नीट काढला असं म्हणता येत नाही.

तेव्हा लेन्स कुठलीही न्या. सोबत एक वही न्या. नाव, पाडा, तारीख, आणि फोटो कुठे छापायला चालेल, हे त्यांना विचारून तिथल्या तिथे लिहा. प्रिंट काढून परत जा, हातात द्या. दुसऱ्यांदा गेलात की उंबऱ्यावरची बाई आपण होऊन उजेडाकडे वळून बसते, हे आम्ही पाहिलंय. प्रश्न असतील तर आता घेऊ.