दहा सेकंदांचं सुवर्णयुग

अमेरिकेत त्या काळी नवे अल्बम मंगळवारी दुकानात यायचे. ९ नोव्हेंबर १९९३च्या मंगळवारी न्यूयॉर्कचे दोन अल्बम एकदम आले. स्टेटन आयलंडचं नाव मिरवणाऱ्या नऊ जणांच्या वू-टँग क्लॅनचा पहिला, 'एंटर द वू-टँग', आणि क्वीन्सच्या 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'चा तिसरा, 'मिडनाइट मरॉडर्स'. पहिला खरखरीत, अंधारा, जुन्या कुंग-फू चित्रपटांतल्या संवादांनी भरलेला. दुसरा जॅझमध्ये मुरलेला, हसरा, आटोपशीर. हिप-हॉपवेडी माणसं जमली की ही तारीख निघतेच, आणि मग दोघांत थोर कोण यावर रात्र सरते. क्रमवारी लावायची खाज मलाही आहे. पुढे ती मी भागवून घेणार आहे. पण आधी हे अल्बम बनत कसे होते ते पाहू. वादाच्या भरात नेमकं तेवढंच राहून जातं.

हिप-हॉपची जन्मतारीख ११ ऑगस्ट १९७३ मानतात. ब्राँक्समध्ये १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत बहिणीने ठेवलेल्या पार्टीत डीजे कूल हर्कने रेकॉर्ड वाजवल्या, तो दिवस. हर्कची करामत साधी होती. गाण्यात जिथे बाकी वाद्यं थांबतात आणि फक्त ड्रम उरतो, तिथे लोक बेभान नाचतात हे त्याने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवत राहिला. पुढची दहाएक वर्षं ही कला नाचाची आणि सुट्या गाण्यांची होती. अल्बम म्हणजे दोन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड. १९८६ला रन-डीएमसीच्या 'रेझिंग हेल'ने बाजार फिरवला, आणि तिथून १९९४पर्यंतच्या आठ-नऊ वर्षांना आज सुवर्णयुग म्हणतात. नाव जरा भाबडं आहे. सुवर्णयुगं नेहमी मागाहूनच जाहीर होतात, आणि बहुधा तेव्हा विशीत असलेली माणसंच ती जाहीर करतात.

तरी या काळात काहीतरी वेगळं घडलं हे खरं. त्यामागे प्रतिभा होतीच, पण एक यंत्रही होतं.

१९८७मध्ये ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० बाजारात आला. ड्रम मशीन आणि सॅम्पलर एकाच डब्यात. रेकॉर्डवरचा हवा तो तुकडा आत घ्यायचा, बटणाला जोडायचा, बोटाने वाजवायचा. अडचण अशी की या यंत्रात एकूण जागा जेमतेम दहा सेकंदांची, आणि एका तुकड्याला अडीच सेकंदांपेक्षा जास्त मिळत नसे. एवढ्यात गाणं बांधायचं! मग पोरांनी युक्ती काढली. ३३च्या वेगाची तबकडी ४५वर फिरवायची, तुकडा घाईघाईने आत घ्यायचा आणि यंत्रात त्याचा वेग पुन्हा उतरवायचा. जागा वाचायची, पण आवाज धुळकट व्हायचा, कडा झिजलेल्या नाण्यासारखा. त्या रेकॉर्डिंगांची जी 'ऊब' आज वाखाणली जाते, ती पुष्कळ अंशी ही काटकसर आहे.

या काटकसरीच्या दिवसांत सर्वांत मोठी उधळपट्टी केली पब्लिक एनिमी या गटाने. १९८८चा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक' आज प्रथमच ऐकणाऱ्याला वाटेल की शेजारी तीन रेडिओ एकदम लागलेत. हँक शॉकली, कीथ शॉकली, एरिक सॅडलर आणि स्वतः गटाचा रॅपर चक डी या चौकडीने, म्हणजे 'बॉम्ब स्क्वाड'ने, एकावर एक तुकडे रचले: भाषणातलं अर्धं वाक्य, गिटारचा ओरखडा, कोणाचा तरी हुंकार, ड्रमचा ठोका. 'रिबेल विदाउट अ पॉज' या गाण्यात जेम्स ब्राउनच्या साथीदारांच्या, म्हणजे 'द जेबीज'च्या, एका रेकॉर्डवरची सॅक्सोफोनची किंकाळी आहे. मूळ गाण्यात ती येते आणि जाते. इथे ती कुकरची शिट्टी अडकून बसावी तशी गाणंभर वाजते. ती थांबावीशी वाटते, थांबली की चुकल्यासारखं वाटतं. वर चक डीचा प्रवचनकाराचा खर्ज, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला टेकू देणारा, खोड्या काढणारा फ्लेवर फ्लेव. आपल्याकडच्या तमाशातल्या सोंगाड्याला तो लगेच ओळखता आला असता. विदूषकाशिवाय ते प्रवचन तासभर कोणी ऐकलं नसतं, हे चक डीला पक्कं ठाऊक असावं. त्या वर्षी 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने समीक्षकांचा कौल घेतला आणि रॉकवर पोसलेल्या समीक्षकांनीही हाच अल्बम पहिला ठरवला.

शब्दांच्या बाजूची क्रांती याच्या एक वर्ष आधीची. एरिक बी आणि राकिमचा 'पेड इन फुल' १९८७चा. त्याआधीचे रॅपर ओळीच्या टोकाला यमक ठेवून थांबत. श्रोत्याला सम कुठे येणार हे आधीच कळे. राकिम स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा, कोल्ट्रेन ऐकायचा. त्याने यमकं ओळीच्या पोटात पेरली, वाक्य एका आवर्तनातून दुसऱ्यात ओघळू दिलं आणि आवाज चढवायचं सोडून दिलं. मोरोपंतांच्या आर्या वाचलेल्या माणसाला या कसरतीचं नवल वाटणार नाही, पण मोरोपंतांना मागे ड्रम सांभाळायचा नव्हता. (रॅप म्हणजे त्यांचा पोवाडा, असं आपल्याकडे हमखास म्हटलं जातं. पोवाडा गोष्ट सांगतो; रॅपचा मोठा भाग नुसता उच्चाराच्या कसबाचा असतो. ही तुलना सोडून दिलेली बरी.) राकिमनंतर सगळ्यांना नव्याने लिहायला शिकावं लागलं. एवढा उघड प्रभाव या काळातल्या दुसऱ्या कोणाचाही नाही. मात्र अल्बम म्हणून 'पेड इन फुल' विस्कळीत आहे, त्यात बिनशब्दांची भर पुष्कळ आहे. भक्तांना हे सांगितलं की राग येतो.

१९८९ हे साल या कलेच्या मोकळेपणाचं टोक. लाँग आयलंडच्या डी ला सोल या गटाने प्रिन्स पॉलच्या साथीने 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' केला. त्यात फ्रेंच शिकवणीच्या रेकॉर्डपासून जॉनी कॅशपर्यंत काहीही आहे. बीस्टी बॉइजचा 'पॉल्स बुटीक' त्याच वर्षीचा. तो तेव्हा विकला गेला नाही आणि आता सगळ्यांच्या याद्यांत असतो. शेकडो तुकड्यांचं असं गोधडीकाम करताना परवानगीची फिकीर फारशी करावी लागत नव्हती. कायद्याला अजून ही कला नीट दिसली नव्हती.

मग ती दिसली. साठच्या दशकातल्या 'द टर्टल्स'ने डी ला सोलवर दावा लावला. तो कोर्टाबाहेर मिटला. डिसेंबर १९९१मध्ये मात्र न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात निकालच लागला. बिझ मार्की या गमत्या रॅपरने गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या एका गाण्याचा तुकडा विनापरवाना घेतला होता. न्यायमूर्ती केव्हिन डफी यांनी निकालपत्राची सुरुवात बायबलमधल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केली आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलांकडेही धाडलं. बिझच्या १९९३च्या पुढच्या अल्बमचं नाव 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!' म्हणजे सगळे तुकडे परवानगीचे. माणूस विनोदी होता.

या निकालानंतर प्रत्येक तुकड्याला दोन दारं ठोठावावी लागली: गाणं ज्याच्या नावावर त्याचं, आणि रेकॉर्डिंग ज्या कंपनीचं तिचं. एका गाण्यात वीस तुकडे असतील तर चाळीस दारं. बॉम्ब स्क्वाडचं काम तिथेच अशक्य झालं. १९९२च्या 'द क्रॉनिक'मध्ये डॉक्टर ड्रेने जुने ठेके वादकांकडून नव्याने वाजवून घेतले. त्यामुळे निदान रेकॉर्डिंगवाल्याचं दार टळतं. पुढे पफ डॅडीने ठरवलं की पैसे मोजायचेच तर एकच, सगळ्यांना ओळखू येईल असा मोठा तुकडा उचलावा. रॅपच्या आवाजातला हा बदल अभिरुचीचा म्हणून सांगितला जातो. त्यातला मोठा वाटा हिशेबाचा होता.

न्याय झाला म्हणावं, तर तोही पुरता झाला नाही. या काळातल्या असंख्य गाण्यांखाली जेम्स ब्राउनच्या १९७०च्या 'फंकी ड्रमर'मधला क्लाइड स्टबलफील्डचा ठेका आहे. स्टबलफील्ड पगारी वादक. गाण्यावर त्याचं नाव नाही. परवानगीचे पैसे सुरू झाले तरी ते त्या दोन दारांत वाटले गेले, ठेका धरणाऱ्याच्या हाती आले नाहीत. 'द विन्स्टन्स'च्या १९६९च्या 'आमेन, ब्रदर'मधला ठेकाही असाच सर्रास उचलला गेला; तो वाजवणारा ड्रमर ग्रेगरी कोलमन २००६मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत गेला. सॅम्पलिंगला सरसकट चोरी म्हणणारे आणि सरसकट मुक्ती म्हणणारे, दोघांनीही या दोन ड्रमरांपाशी थोडं थांबायला हवं.

आता क्रमवारी. आज पारडं जड असतं रॅपर नासच्या 'इलमॅटिक'चं. एप्रिल १९९४, नास वीस वर्षांचा, प्रास्ताविक धरून दहा तुकडे, सगळं चाळीस मिनिटांच्या आत. 'द सोर्स' मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक दिले, आणि ते मासिक तेव्हा पाच माइक सहसा देत नसे. लेखन म्हणून या काळात त्याच्या जवळपास दुसरं काही नाही. क्वीन्सब्रिज वसाहतीतल्या, पण आता तुरुंगात असलेल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांचं जे गाणं आहे, त्यात बाहेरच्या जगाच्या बातम्या इतक्या सहज येतात की लिहिणाऱ्याचा घुसमटलेला आवाज आपल्याला उशिरा जाणवतो. एका गाण्याच्या शेवटी नासचे वडील ओलू दारा कॉर्नेट वाजवतात. विसाव्या वर्षी थकलेल्या पोराला बापाने दिलेली ती साथ आहे.

तरीही त्याला शिखर म्हणायला माझं मन धजत नाही. अल्बम सुरू होतो तो १९८३च्या 'वाइल्ड स्टाइल' चित्रपटाच्या आवाजांनी. म्हणजे विशीतला पोरगा आपल्या बालपणीच्या हिप-हॉपकडे वळून बघतोय. हे संध्याकाळचं ऊन आहे. शिवाय पाच वेगवेगळ्या प्रोड्युसरांकडून थोडीथोडी गाणी घ्यायची पद्धत इथून रुळली, आणि एक गट, एक आवाज, एक खोली असं जे पब्लिक एनिमीचं किंवा ट्राइबचं होतं ते मोडलं. 'निर्दोष' हा निकषही याच अल्बमने आणला. सुवर्णयुगातलं उत्तम काम निर्दोष नव्हतं. ते ओसंडणारं होतं. म्हणून माझा कौल: रचनेला 'इट टेक्स अ नेशन', लेखणीला 'इलमॅटिक', आणि वर्षानुवर्षं ऐकायला ट्राइबचा १९९१चा 'द लो एंड थिअरी'. त्यात माइल्स डेव्हिसचा जुना साथीदार रॉन कार्टर एका गाण्यात डबल बास वाजवतो, पण खरं तर अख्खा अल्बमच बासवर उभा आहे. वर फारसं काही नाही: ड्रम, दोन आवाज आणि मोकळी जागा.

याद्या लावणाऱ्यांनी काय गाळलं तेही सांगायला हवं. स्त्री रॅपरचा पहिला स्वतंत्र पूर्ण अल्बम, एमसी लाइटचा 'लाइट अ‍ॅज अ रॉक', १९८८चा. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. क्वीन लतिफाचा 'ऑल हेल द क्वीन' १९८९चा. पहिल्या दहांत हे अपवादानेच दिसतात. ज्यांचा मी इतका गौरव केला त्या पब्लिक एनिमीच्या प्रोफेसर ग्रिफने १९८९मध्ये मुलाखतीत ज्यूंविरुद्ध गरळ ओकली होती. डॉक्टर ड्रेने १९९१मध्ये डी बार्न्स या पत्रकार स्त्रीला मारहाण केली, आणि त्या काळच्या कित्येक अल्बमांतली बायकांबद्दलची भाषा आज ऐकवत नाही. 'काळच तसा होता' हे उत्तर मला पुरत नाही, कारण लाइट आणि लतिफा त्याच काळातल्या होत्या.

वारसा म्हणाल तर तो मुंबईतही पोहोचला. 'गली बॉय' चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नासचं नाव आहे. त्याच वर्षी, २०१९मध्ये, त्याच्या मास अपील कंपनीची भारतीय शाखा रॅपर डिव्हाइनला घेऊन सुरू झाली. मराठीतही रॅप करणाऱ्या 'स्वदेसी' गटाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं. चक डीच्या घराण्याशी याचं नातं सरळ दिसतं. आपल्याकडे उतरला तो बहुतांशी शब्दांचा वारसा: आपली गल्ली, आपला राग, आपली बोली. जुन्या रेकॉर्डी चाळून त्यातला अडीच सेकंदांचा हिरा शोधण्याचं वेड मात्र फार थोड्यांना लागलं. आपल्याकडच्या रेकॉर्डींचा साठा पाहता याची हळहळ वाटते.

डी ला सोलचे जुने अल्बम स्ट्रीमिंगवर यायला २०२३ उजाडलं. त्यांच्या करारांत रेकॉर्ड आणि कॅसेटची सोय होती, इंटरनेटची नव्हती. मार्चमध्ये ते उपलब्ध झाले. गटातला ट्रूगॉय त्याच्या जेमतेम तीनेक आठवडे आधीच वारला होता. आता ते सगळं एका बोटावर मिळतं. ज्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नाही त्यांनी सुरुवात 'द लो एंड थिअरी'पासून करावी, आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर नको. त्यावर बास ऐकूच येत नाही.