‘बूट पॉलिश’ : जॉन चाचांची शिकवण पुरेशी होती का?

आर. के. फिल्म्सचा ‘बूट पॉलिश’ हा हिंदी चित्रपट १९५४ सालचा. मुंबईत वाढलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी तो तेव्हाच पाहिला असेल. दिग्दर्शक प्रकाश अरोरा, संगीत शंकर-जयकिशन यांचे. जॉन चाचा झाले होते आपले डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. या भूमिकेबद्दल त्यांना सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि समाजाची मान उंचावली. तो अभिमान थोडा बाजूला ठेवून आम्ही हा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला.

भोला आणि बेलू ही पोरकी भावंडे. काकू त्यांना भीक मागायला लावते, मारते. शेजारचा जॉन चाचा चोरटी दारू विकणारा. पण तोच मुलांना सांगतो की हात मागण्यासाठी नाहीत, कष्टासाठी आहेत. मुले पैसा पैसा लपवून साठवतात, ब्रश आणि पॉलिश घेतात. काकू त्यांना घराबाहेर काढते. चाचा तुरुंगात जातो. मग पावसाळा येतो आणि चिखलात बूट चकाकवून घ्यायला कोणी थांबत नाही. भुकेल्या बेलूने कोणी फेकलेले नाणे उचलले, तर भोला तिला थप्पड मारतो.

ही थप्पड आम्हाला पूर्वी फार थोर वाटली होती. या वेळी ती पाहवली नाही. मुलाने स्वाभिमान सोडला नाही हे खरे, पण मुलगी उपाशी होती. रतन कुमार आणि बेबी नाझ यांनी हा प्रसंग इतक्या सच्चेपणाने केला आहे की दोष कोणाचा, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. कान महोत्सवात नाझची खास दखल घेतली गेली ती योग्यच होती.

रंबम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी अशी की गरिबाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करावे की त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये. जॉन चाचा तेच सांगतो असे वाटते. पण रंबम हे देणाऱ्याला सांगतात; चित्रपट मात्र सारा भार मुलांवर टाकतो. पॉलिशची पेटीसुद्धा त्यांनी स्वतःच्याच साठवलेल्या पैशांतून घेतली. एवढ्या मोठ्या शहराने त्यांना काय दिले?

शेवटी श्रीमंत कुटुंब आधी बेलूला आणि मग भोलालाही दत्तक घेते. आम्हालाही त्या वेळी डोळे पुसावे लागले. परंतु मुले सुटली ती कष्टाने नव्हे, दैवाने. ज्यांना आगगाडीत असे कुटुंब भेटले नाही, त्यांचे काय झाले हे चित्रपट विचारत नाही. आमच्या मते हाच त्याचा मोठा उणेपणा.

आपल्या समाजाचा अनुभव वेगळा आहे. कोकणात घाण्यावर तेल गाळणारे आपले ‘शनवार तेली’ पूर्वज मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या मुलांना नुसती कष्टाची शिकवण देऊन वडीलधारे थांबले नाहीत. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून वाढली. त्या शाळेच्या बाकांवर बसलेले वाचक आजही आपल्यात आहेत. मुलाच्या हाती पाटी द्यायचे काम मोठ्यांनी केले, म्हणून पुढे कारकुनी, शिक्षकी, रेल्वेची नोकरी ही दारे उघडली.

म्हणून डेव्हिड यांचे काम कमी ठरत नाही. उपदेश करणारा माणूस स्वतः चुकतो, लाजतो, तरी मुलांवर जीव लावतो, हे त्यांनी आवाज न चढवता दाखवले. तुरुंगातल्या पावसाच्या गाण्यात तर ते हसवता हसवता मन हेलावून सोडतात.

दिमोना, बेर्शेवा, अश्दोद, लोद येथील मंडळांनी हा चित्रपट नातवंडांसह जरूर पाहावा. भोलाची थप्पड आली की थोडे थांबावे आणि मुलांना विचारावे, त्या वेळी आजूबाजूला मोठी माणसे किती होती?