एका जाहिरातीतले दोन लेखक

ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या नोकरीच्या जाहिराती तुम्ही कधी सलग वाचल्या आहेत? मी दोन हिवाळे वाचल्या, रोज रात्री भांडी आवरल्यावर. वॉरिक विद्यापीठाने १९९८ साली सुरू केलेल्या जॉब्ज डॉट एसी डॉट यूके या संकेतस्थळावर त्या एकगठ्ठा मिळतात. अशा प्रत्येक जाहिरातीला दोन लेखक असतात आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

पहिला वरचं पान लिहितो. विद्यापीठाची परंपरा, उत्साही सहकारी, वेगवान वातावरण. 'रिसर्च ॲडमिनिस्ट्रेटर'ने सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, ते मात्र त्याच्या लेखनातून कळत नाही. नोकरी बारा महिन्यांची आहे, कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेपुरती, हे तो बारीक अक्षरात उरकतो.

दुसरा लेखक सोबतच्या पीडीएफमध्ये भेटतो. 'पर्सन स्पेसिफिकेशन', दोन रकाने: आवश्यक आणि इष्ट. शैली रुक्ष, पण माणूस बराच प्रामाणिक. मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे मुख्यतः त्याच्याच यादीवरून ठरतं. त्यातल्या एकेका मुद्द्याला अर्जात उदाहरण द्यावं लागतं.

आपण अडखळतो ते इथे. पदव्या आपण ओळीने मांडतो, पण 'मी केलं' म्हणायला जीभ रेटत नाही. पुण्यात कॉलेजच्या कार्यालयात मी आठ वर्षं काढली आणि पहिल्या अर्जात लिहिलं, 'आम्ही परीक्षा व्यवस्थित पार पाडल्या.' आम्ही म्हणजे कोण? पुढच्या वेळी लिहिलं, 'चारशे विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक मी बसवलं.' लिहिताना लाज वाटली. मुलाखतीचं बोलावणं आलं.

हा दुसरा लेखकही धुतल्या तांदळासारखा नाही. खोल्या राखून ठेवायच्या आणि बैठकांची टिपणं काढायची, एवढ्यासाठी 'ब्रिटिश उच्चशिक्षणातला अनुभव' तो कधीकधी आवश्यक रकान्यात टाकतो. ही अट कामाची नाही, बाहेरच्यांना बाहेर ठेवण्याची आहे. ती इष्ट रकान्यात असेल तर बिनधास्त अर्ज करा. आवश्यकमध्ये असेल तर आधी विद्यापीठाच्या हंगामी कामांच्या यादीत नाव घाला. काही आठवड्यांचं कामही अनुभवच असतो.

व्हिसाबद्दल दोघेही कमी बोलतात. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड आहे आणि कार्यालयीन मदतीच्या बहुतेक जागा त्याखाली येतात. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना काम करायची मुभा असते, त्यांचं यात अडत नाही. पण शिक्षण संपवून ग्रॅज्युएट व्हिसावर थांबलेल्या तुमच्या भाचीने पगाराची ओळ सर्वांत आधी वाचावी.

तळाशी 'अनौपचारिक चौकशीसाठी' म्हणून एक नाव असतं. आपल्याला तो वशिला वाटतो, म्हणून आपण फोन करत नाही. मी तिसऱ्या अर्जाच्या वेळी केला. पलीकडच्या बाई हसून म्हणाल्या, खरं काम म्हणजे प्राध्यापकांकडून प्रवासाच्या पावत्या वेळेवर काढून घेणं. जाहिरातीत याबद्दल अवाक्षर नव्हतं. मी अर्जाची सुरुवात पावत्यांपासून केली.