बॉनेटाखालची समीक्षा

साहित्याच्या समीक्षकाचं एक बरं असतं. कादंबरी पसंत पडली नाही म्हणून तिची शिवण उसवून, पानं घासलेटात बुडवून, वाळवून, पुन्हा होती तशी बसवून द्यावी लागत नाहीत. मोटारीच्या समीक्षकाला हे सगळं करावं लागतं, आणि तेही रविवारी. आमच्या गणपतीपुळ्यात अशा समीक्षकांचं एक मंडळ आहे. मंडळ म्हटल्याबरोबर खिशावर हात ठेवू नका. त्याला घटना नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक तर नाहीच (असतं तर खातं माझ्याच काउंटरवर उघडलं असतं). मालगुंडच्या रस्त्याला एका मिस्त्रीची पत्र्याची शेड आहे, तिच्यात दर रविवारी हे लोक जमतात. केशवसुतांचा जन्म मालगुंडातला. तिथे १९९४ साली त्यांचं स्मारकही झालं. तेव्हा वाङ्मयाचा वारा इकडे वाहतोच. मधल्या वळणावर त्याला थोडा ग्रीसचा वास लागतो, एवढंच.

माझ्याकडे मोटार नाही. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि स्कूटरवर समाधानी आहे. पण जन्मात एकही कविता न लिहिता कवितेवर तीनशे पानं लिहिणारी माणसं या महाराष्ट्रात सन्मानाने वावरतात, मग मी मोटारींवर चार पानं लिहिली तर कुणाचं काय बिघडणार आहे?

मंडळाचे दोन पंथ आहेत. पहिला अॅम्बॅसडरपंथ. त्याचे आचार्य अण्णा, निवृत्त मास्तर. अण्णांच्या मते अॅम्बॅसडर ही गाडी नसून महाकाव्य आहे. आता महाकाव्याची लक्षणं तिच्यात आहेत हे मान्य करायला पाहिजे. विस्तार आहे, संथपणा आहे, मागच्या बाकावर अख्खं कुटुंब अधिक एक विहीणबाई मावतात, आणि वळण घ्यायचं असलं की त्याची सूचना एक अध्याय आधीपासून द्यावी लागते. पण काव्य मूळचं आपलं नाही, भाषांतर आहे. मूळ ग्रंथ विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. विलायतेत ती १९५९ साली बंद झाली. आपण तिचं भाषांतर १९५७ साली हाती घेतलं आणि उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने ते थेट मे २०१४ पर्यंत छापलं! मध्ये मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर अशा आवृत्त्या निघाल्या. सुधारून वाढवलेली आवृत्ती म्हणजे काय, तर पुढची जाळी बदललेली. मराठी प्रकाशकांना ही युक्ती नवीन नाही.

२०१३ साली बीबीसीच्या 'टॉप गिअर' या कार्यक्रमाने जगभरच्या टॅक्सींची स्पर्धा लावली, तिच्यात अॅम्बॅसडर पहिली आली. अण्णा ही गोष्ट आठवड्यातून एकदा सांगतात. पुढच्याच वर्षी कारखाना थांबला ही गोष्ट ते सांगत नाहीत, ती मला सांगावी लागते. पुरस्कार मिळाला की लेखक फार दिवस टिकत नाही, हा अनुभव वाङ्मयातही आहेच.

दुसरा पंथ फियाटचा. त्याचे प्रवर्तक आंब्याचे बागायतदार भाऊ. फियाट हे त्यांच्या मते भावगीत. आटोपशीर, सुबक, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि आवाज असा की कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात कुणीतरी तंबोरा जुळवून मगच गाडी बाहेर सोडत असावं. भाऊंना तिच्या सगळ्या पिढ्या पाठ आहेत. पन्नाशीतली गुबगुबीत 'डुक्कर फियाट', १९६४ ची ११००डी, मग तिचंच १९७४ साली पद्मिनी झालेलं रूप. लग्नानंतर नाव बदललं तरी माणूस तेच, असं भाऊ म्हणतात. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. (वहिनी म्हणतात, जेवले, भात घेतला नाही.)

आता या भावगीताचा दोष सांगतो. आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीहून आलेल्यांना तिथला चढ माहीत आहे. डावीकडे समुद्र इतका सुंदर दिसतो की इंजिनाकडे कुणाचं लक्ष जात नाही. एप्रिलच्या दुपारी भाऊंची पद्मिनी त्या चढावर दोन आचके देते आणि उभी राहते. कारण शास्त्रीय आहे. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला; इंजिन तापलं की पंप तापतो, नळीतलं पेट्रोल पातळाचं वाफ होतं, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. उपाय, पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं समुद्र पाहणे. भाऊ हे फडकं आणि पाण्याची बाटली गाडीतच ठेवतात आणि वर अभिमानाने विचारतात, "नुसत्या फडक्यावर चालू होते! आहे का अशी दुसरी गाडी?"

इथे माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा होतो. फडक्यावर चालू होणारी गाडी म्हणजे फडक्यावाचून बंद पडलेली गाडी. 'कुठेही दुरुस्त होते' हे दोन्ही पंथांचं लाडकं स्तुतिवाक्य आहे. पण कुठेही दुरुस्त होते हे यांना कळलं कसं? कुठेही बंद पडल्याशिवाय हे ज्ञान होत नाही. बँकेत एखादा कर्जदार 'मी कितीही वेळा थकलो तरी पुन्हा भरतो' म्हणून प्रशस्ती मागायला आला तर आमचे मॅनेजर त्याला चहा सांगणार नाहीत.

शिवाय या प्रेमाचा जमाखर्च नीट मांडलेला नाही. परवान्यांच्या काळात ग्राहकापुढे मोटारी होत्या तीन. अॅम्बॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. गाडी हातात पडली की त्याच दिवशी ती जास्त भावाला विकता येई. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की यंत्रावर दरसाल घसारा धरावा. इथे घसारा उलटा, वरच्या बाजूला! जिची दहा वर्षं वाट पाहिली तिच्यात दोष काढायची कुणाची छाती होणार? उशिरा जमलेल्या लग्नात मुलगी सुंदरच दिसते. आणि लायसन्सच्या दाराबाहेर राहिलेलेही होते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिकमतीवर घडवून रस्त्यावर चालवून दाखवली. ती बाजारात कधी आलीच नाही. हे आमच्या मोटारवाङ्मयातलं अप्रकाशित हस्तलिखित. त्यावर मंडळात कुणी बोलत नाही, कारण तिचं बॉनेट उघडायला मिळालेलं नाही.

बॉनेटावरून आठवलं. नुसत्या उघडण्याच्या दृष्टीने पाहिलं तर पहिलं बक्षीस स्टँडर्ड हेराल्डला द्यावं लागेल. तिचा अख्खा पुढचा भाग, मडगार्डांसकट, पुढे कलतो, आणि मिस्त्री पुढच्या चाकावर बैठक मारून जेवायला बसल्यासारखा इंजिनासमोर बसतो. चालण्याबद्दल मात्र मला विचारू नका.

आता माझं मत. ते मंडळात मांडलं तेव्हा अण्णांनी चहा अर्धा ठेवला. या देशातल्या मध्यमवर्गाची सर्वोत्तम मोटार म्हणजे मारुती ८००. चौदा डिसेंबर १९८३ ला पहिली बाहेर आली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि देशात पंचवीस लाखांवर खपली. सकाळी चावी फिरवली की चालू, संध्याकाळी फिरवली की बंद. तिच्यावर कुणी उसासा टाकत नाही. ती जानेवारी २०१४ मध्ये थांबली, अॅम्बॅसडर त्याच वर्षीच्या मेमध्ये. पण आमच्या शेडमध्ये सुतक पाळलं गेलं ते मेमधलं. का, तर मारुतीने गोष्टी दिल्या नाहीत. कशेडी घाटात रात्री दोनला हेड गॅस्केट गेलं, मग एका ट्रकवाल्याने... असं तिच्या मालकाला सांगता येत नाही. तो बिचारा घाटात आला, गेला आणि झोपला. जी वेळेवर पोचवते तिच्यावर प्रेम करायला माणसाला वेळच मिळत नाही.

"ती मोटार नव्हे हो, ते शिवणयंत्र!" अण्णा म्हणाले.

"शिवणयंत्र चालतं, अण्णा," मी म्हटलं.

यावर भाऊ पहिल्यांदाच अण्णांच्या बाजूने उठले. दोन्ही पंथांचं ऐक्य घडवून आणण्याचं श्रेय मला आहे, ते मी घेतो.

पण या मंडळावरचा माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो गाडीबद्दल नाही. अण्णा ज्या महाकाव्याचं कौतुक करतात ते उत्तरपाड्याचं राहिलेलं आहे कुठे? पिस्टन-रिंगा दोनदा बदलल्या, बोअर करून झालं, रेडिएटर रत्नागिरीत झाळून आणला, खालचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्ला म्हणून तीन ठिकाणी नवा ठोकला, आणि कसलासा बुश तर मिस्त्रीने लेथवाल्याकडून करून घेतला. म्हणजे लेखक मिस्त्री आणि मुखपृष्ठावर नाव कंपनीचं! मी या माणसाला काम करताना पाहिलेलं आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो, मूठ कानाशी धरतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "तीन नंबरचं टॅपेट." पॉइंटमधली फट तो पोस्टकार्डाच्या तुकड्याने मोजतो. प्लगांच्या वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमाने लावतो. दोन्ही पंथांच्या गाड्यांत ठिणगीचा क्रम तोच. (हाच क्रम मी काउंटरवर टोकनांना लावला तर शाखेत दगडफेक होईल; इंजिनात त्यानेच शांतता नांदते.)

हे कुठल्या पुस्तकात नाही. त्याचा पोरगा आय.टी.आय. करून रत्नागिरीला सर्व्हिस सेंटरात लागला. तिथे गाडीला एक वायर जोडतात, पडद्यावर नंबर उमटतो, नंबराप्रमाणे आख्खा भाग बदलतात. बापाच्या कानाचं तिथे काम नाही. पोराला पगार पंधरवड्याने नव्हे, एक तारखेला मिळतो, पी.एफ. कापला जातो, आणि बँकेतला माणूस म्हणून मला ते बरंच वाटतं. पण बापाचा कान बापाबरोबर जाणार, हे शेडमध्ये कुणी बोलून दाखवत नाही. उलट दोन तास महाकाव्याची थोरवी गाऊन झाली की मजुरीच्या वेळी हेच रसिक पन्नास रुपयांवरून घासाघीस करतात. मी एकदा मिस्त्रीला विचारलं, की तुमच्या मते चांगली गाडी कुठली? तो हात पुसत म्हणाला, "मारुतीच हो साहेब. पण तिच्यावर माझं घर चाललं नसतं." इतकं प्रामाणिक परीक्षण मी अजून कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

सरकारचंही या विषयात लक्ष आहे. पंधरा वर्षं झालेल्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायला पूर्वी सहाशे रुपये पडत, एप्रिल २०२२ पासून पाच हजार केले. मात्र २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण केली तर तीच गाडी 'व्हिंटेज' म्हणून मिरवते, फक्त रोज रस्त्यावर काढायची नाही. माणसालाही साधारण हेच नियम आहेत.

त्यात २०२३ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागलं. नव्या गाड्यांचं रबर ते सोसतं. जुन्यांच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने मऊ पडतो, फुगतो. गेल्या रविवारी अण्णांची अॅम्बॅसडर देवळापाशी थांबली. ढकलत शेडमध्ये आणली. मिस्त्रीने पंप उघडला, डायफ्रॅम दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "गाडीला काय झालेलं नाय मास्तर. तिला उसाचं बाधलंय."

"उसाचं?" अण्णा म्हणाले. "कोकणात ऊस कुठला?"

"घाटावरून येतो ना."

एकूण चूक देशावरच्यांची निघाली, हे ऐकून अण्णांना बराच धीर आला. मिस्त्रीने मुंबईहून दोन डायफ्रॅम मागवायचे ठरवले. अण्णांनी चार सांगितले. भाऊंनी, आपली काही तक्रार नाही असं दोनदा बजावून, पद्मिनीसाठीही दोन लिहून घ्यायला लावले.