‘पट्टीने गुण आला’ : एका विधानाची चिकित्सा

गुडघ्याच्या संधिझिजेवर चिकटपट्टी लावण्याच्या उपचाराविषयी १९९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाच्या अखेरीस प्रश्नचिन्ह होते. रुग्ण अवघे १४. गुडघ्याची वाटी आतल्या बाजूस ओढून पट्टी लावली असता वेदना सुमारे २५ टक्क्यांनी उणावली. लेखकांनी विधान न करता प्रश्न विचारला, हा त्यांचा विवेक होय. पुढील लोकप्रिय लेखनात मात्र ते प्रश्नचिन्ह सहसा गळून पडले.

२००३ साली त्याच नियतकालिकात आलेली ऑस्ट्रेलियातील चाचणी अधिक भक्कम आहे. ८७ रुग्णांचे तीन समान गट. अवधी तीन आठवडे. वाटी ओढून धरणारी पट्टी लावलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना, ओढ न देता नुसती चिकटविलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना आणि पट्टीवाचून राहिलेल्यांपैकी १० टक्क्यांना आपणांस बरे वाटते असे वाटले. यावरून ‘पट्टीने ७३ टक्क्यांना गुण आला’ असे म्हणणे व्याकरणदृष्ट्या निर्दोष, पण अर्थदृष्ट्या सैल आहे. येथील तृतीया विभक्ती सारे श्रेय त्या ओढीच्या पदरात घालते. वस्तुतः ओढीचा वाटा ७३ आणि ४९ यांमधील अंतराएवढाच. उरलेल्यात त्वचेला होणारा स्पर्श, रुग्णाची अपेक्षा आणि दुखण्याचा स्वाभाविक चढउतार यांची सरमिसळ आहे. आपणांस पट्टी लावलेली नाही, हे तिसऱ्या गटास अर्थातच ठाऊक होते.

दुसरी अडचण ‘झीज’ या शब्दाची. तो सोपा आहे, पण गुडघ्यास गाडीचा आस बनवितो. मग रुग्ण चालणेच सोडतो. सांध्यातील कूर्चा ही जिवंत ऊती आहे, आणि व्यायाम व वजन घटविणे हेच या विकारातील प्रमुख उपचार. पट्टी कूर्चा भरून काढीत नाही. तिने वेदना उणावून रुग्ण व्यायामास उभा राहिला, तर तेवढे तिचे कार्य पुरेसे आहे. (‘संधिवात’ म्हणावे, तर त्यात आमवातही येतो!)

२०१९ च्या अमेरिकन संधिविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेने गुडघ्याच्या पट्टीस सशर्त मान्यता दिली. पण ती लवचिक पट्टी होय. वाटी ओढून धरणारी ताठ पट्टी आणि हालचालीस मोकळीक देणारी लवचिक पट्टी या भिन्न वस्तू आहेत. मराठीत दोहोंस ‘टेपिंग’ हे एकच नाव चालते, आणि एकीचा पुरावा दुसरीच्या खाती जमा होतो.