वण, रफू आणि ठिगळ : कादेर आतिया यांच्या ‘दुरुस्ती’विषयी

‘व्रण’ हा शब्द संस्कृतातून मराठीत येताना अर्थाने सरकला आहे. संस्कृतात तो मुख्यतः जखमेचा वाचक. मराठीत तो, आणि त्याचे तद्भव रूप ‘वण’, जखम भरल्यावर उरणाऱ्या खुणेचा. फ्रेंच-अल्जेरियन कलावंत कादेर आतिया (जन्म १९७०) यांची ‘दुरुस्ती’ ही मांडणीकृती याच सरकण्याच्या जागेवर उभी आहे. कासेल येथील तेराव्या डॉक्युमेंटात (२०१२) ती प्रथम गाजली. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांची छायाचित्रे आणि तारेने, टाक्यांनी सांधलेल्या आफ्रिकी वस्तू तिच्यात एकमेकींसमोर येतात. त्याच सैनिकांच्या चेहऱ्यांवरून सेनेगलच्या कारागिरांनी लाकडात कोरलेले अर्धपुतळेही तिच्यात आहेत.

आतियांचा सिद्धान्त आपल्या शब्दांत सांगायचा तर असा : आधुनिक पाश्चात्य दुरुस्ती रफूची, इतरांची ठिगळाची. रफू इजेचा इतिहास पुसू पाहते. ठिगळ तो मिरवते. विधीपूर्वक कातडी चिरून वण उठविण्याच्या प्रथेशी या दुसऱ्या दृष्टीचे नाते उघड आहे. नुएर मुलाच्या कपाळावर दीक्षेच्या वेळी चिरल्या जाणाऱ्या समांतर रेषा त्याला पुरुषांच्या समाजात दाखल करीत. योरुबा चेहऱ्यावरील खुणा कुळाची ओळख देत. वण ही येथे लिपी आहे, आणि ती वाचणारा समाज अगोदरच सिद्ध आहे.

नेमकी येथेच अडचण सुरू होते. सैनिकाच्या जबड्यावरील वण कोणत्या लिपीत लिहिला गेला? तोफगोळ्याला व्याकरण नसते. विधीतील चीर समूहाच्या संमतीने, ठरल्या जागी, ठरल्या खोलीची दिली जाते. युद्धातील जखम अर्थाचाच भंग करते. दोहोंना शेजारी ठेवल्याने दिसणारे साम्य दृश्य पातळीवरचे आहे, त्याला समानार्थता मानणे घाईचे होईल. शिवाय त्या काळच्या शस्त्रक्रियेने इजा लपविली असे ही छायाचित्रेच म्हणू देत नाहीत. टाके, ओढलेली कातडी, बसलेले नाक सारे दिसते. रफू करू गेलेल्या हातून ठिगळच पडले आहे! (आणि ज्याला आपला पूर्वीचा चेहरा परत हवा होता, त्या सैनिकाला रफूची इच्छा धरल्याबद्दल दोषी ठरविण्याचा अधिकार समीक्षकाला नाही.)

तरीही कृती शीर्षकातील द्वंद्वापेक्षा श्रेष्ठ ठरते ती त्या लाकडी पुतळ्यांमुळे. फ्रान्सच्या बाजूने याच युद्धात पश्चिम आफ्रिकेतील सैनिक लढले होते. आता त्याच प्रदेशातील कारागीर युरोपीय चेहरा कोरतो, तेव्हा पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा बदलतात. छिन्नीचा घाव लाकडाला इजा करतो आणि त्या इजेतूनच चेहरा घडतो. वण उठविण्याच्या विधीचे तत्त्व येथे विषय म्हणून येत नाही, कृतीची रीत म्हणून येते. मात्र कृतीवर नाव आतियांचे आहे, कारागिराचे नाही. हा सांधा मात्र रफूचाच.

सोमनाथ होर यांची ‘जखमा’ ही १९७०च्या दशकातील मुद्राचित्रमाला या संदर्भात आठवते. कागदाच्या पांढऱ्या लगद्यावर पांढराच घाव. १९४३च्या बंगाल दुष्काळापासून जमा होत आलेला. तेथे टाका नाही, तार नाही, भरून येण्याचे आश्वासनही नाही.