विजयानंतरचे प्रेम : ‘वेवर्ड सन’ आणि वाचकांचा अपेक्षाभंग

प्रास्ताविक :

कादंबरीचा उत्तरभाग हा समीक्षेने सहसा दुर्लक्षिलेला विषय आहे. उत्तरभाग म्हणजे बाजाराची मागणी किंवा प्रकाशकाचा आग्रह, असे मानून त्याची वासलात लावण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. वस्तुतः साहित्यकृती आणि वाचक यांचे नाते तपासण्यासाठी उत्तरभागाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल; कारण येथे वाचक रिकाम्या हाताने येत नाही. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली, तेव्हा त्याच्यासमोर प्रामुख्याने वाङ्मयप्रकारांचे संकेत आणि वाङ्मयीन परंपरा होती. उत्तरभागाच्या बाबतीत त्या क्षितिजात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे पात्रांविषयीची आपलेपणाची, किंबहुना मालकीची भावना. रेनबो रॉवेल या अमेरिकन लेखिकेची ‘वेवर्ड सन’ (२०१९) ही अद्भुतिका आणि तिला मिळालेला वाचकांचा दुभंगलेला प्रतिसाद या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. या प्रतिसादाच्या केंद्रस्थानी दोन तरुणांचे परस्परांवरील प्रेम आहे, ही बाब आनुषंगिक मानता येणार नाही.

पूर्वभागाने दिलेले वचन :

या कथामालेचा जन्मच मुळी वाचकांच्या लेखनातून झालेला आहे. रॉवेल यांच्या ‘फॅनगर्ल’ (२०१३) या वास्तववादी कादंबरीची नायिका कॅथ ही महाविद्यालयीन विद्यार्थिनी सायमन स्नो नावाच्या एका काल्पनिक बालनायकाविषयी चाहत्यांच्या पद्धतीचे लेखन करते आणि त्यात सायमन व त्याचा वैरी बॅझ यांना प्रेमिक म्हणून रंगवते. मूळ लेखकाने न लिहिलेले प्रेम वाचकाने लिहावे, ही चाहत्यांच्या लेखनाची जुनी रीत आहे. हेन्री जेन्किन्स यांनी ‘टेक्स्चुअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथात या रीतीचा गांभीर्याने अभ्यास केला आहे. रॉवेल यांनी पुढे ‘कॅरी ऑन’ (२०१५) ही स्वतंत्र कादंबरी लिहून चाहत्याच्या कल्पनेतील हे प्रेम मुख्य कथानकात आणले. जादूची निवासी शाळा, भाकिताने निवडलेला अनाथ नायक, त्याच्याच खोलीत राहणारा उमराव घराण्यातील वैरी हा सारा साचा हॅरी पॉटरच्या वाचकांना ओळखीचा होता. त्या कथामालेतील डंबलडोर समलिंगी असल्याचे जे. के. रोलिंग यांनी २००७ मध्ये न्यूयॉर्कमधील कार्नेगी हॉल येथे जाहीर केले, ते सातही खंड प्रसिद्ध झाल्यानंतर. पानावर जे नव्हते ते पानाबाहेर सांगितले गेले. ‘कॅरी ऑन’ने ते पानावर आणले आणि वाचकांनी तिचे जे उत्कट स्वागत केले, त्याचे एक कारण येथे आहे.

दुसरे कारण शेवटाशी निगडित आहे. अद्भुतिकेत समलिंगी नायक पूर्वीही होते. मर्सिडीझ लॅकी यांच्या १९८९–९० मधील त्रयीचा नायक व्हॅनिएल हा त्यांपैकी महत्त्वाचा होय. परंतु त्याचा प्रियकर पहिल्याच खंडात आत्मनाश करतो आणि तो स्वतः अखेरच्या खंडात बलिदान करतो. मराठी वाचकाला हा घाट अपरिचित वाटू नये. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातील मित्रालाही मृत्यूखेरीज वाट सापडत नाही. या पार्श्वभूमीवर सायमन आणि बॅझ जिवंत राहतात, एकत्र राहतात आणि शाळेच्या निरोपसमारंभात नाचतातही, याचे मोल केवळ कथानकातील घटनेपुरते राहत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली आणि ऑक्टोबरमध्ये ही कादंबरी आली. या दोहोंत कार्यकारणभाव शोधणे उतावीळपणाचे ठरेल. मात्र वाचकांनी तिचा शेवट कोणत्या मनःस्थितीत वाचला असेल, हे त्यावरून उमगते.

पराभूत विजेता :

‘वेवर्ड सन’चा प्रारंभ या नृत्यानंतर होतो. (दोन्ही शीर्षके जोडली की कॅन्सस या वाद्यवृंदाच्या १९७६ मधील एका गीताचे नाव तयार होते, हा लेखिकेचा खोडकरपणा.) सायमनने पूर्वभागात जगाला वाचविण्यासाठी स्वतःजवळची सारी जादू देऊन टाकली आहे. उरले आहेत ते पाठीवरचे ड्रॅगनचे पंख आणि शेपूट, म्हणजे ज्या शक्तीने ते निर्माण केले ती गेली आणि ओझे मात्र राहिले. लंडनमधील घरात तो कोचावर पडून असतो. बॅझ त्याच्याजवळ आहे, पण स्पर्श टाळला जातो, बोलणे अर्ध्यावर तुटते. आपण बॅझच्या योग्यतेचे उरलो नाही असे सायमनला वाटते. सायमन आपल्यापासून सुटू पाहत आहे असे बॅझला वाटते. मैत्रीण पेनेलोपी या दोघांना घेऊन अमेरिकेच्या प्रवासास निघते आणि शिकागो, नेब्रास्का, लास व्हेगास असा मोटारीचा प्रवास घडतो. कादंबरी संपते तेव्हाही प्रेमिकांमधील कोंडी फुटलेली नसते. उलट मायदेशी नवे संकट उद्भवल्याची वार्ता येते आणि पडदा पडतो.

वाचकांची मुख्य तक्रार येथेच आहे. प्रेमकथा म्हणून हाती घेतलेल्या पुस्तकात प्रेमाचे क्षण फारच थोडे, दोघे एकमेकांशी मोकळेपणाने बोलत का नाहीत, आणि एवढे सोसून शेवट अधांतरी का, असे प्रश्न अनेकांनी विचारले. दुसऱ्या बाजूला, विजयानंतरच्या खिन्नतेचे इतके प्रामाणिक चित्रण अद्भुतिकेत विरळ आहे असे मानणारे वाचकही थोडे नव्हते. त्यांनी सायमनचे कोचावर पडून राहणे ओळखले.

पहिल्या गटाच्या तक्रारीस भाबड्या वाचकांची हौस म्हणून हसण्यावारी नेण्याचा मोह विद्वानांना होईल. तो टाळावयास हवा. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) मध्ये अमेरिकेतील प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा सुखान्त ही त्या वाचकांची अट असल्याचे आढळले. ही अट वाङ्मयीन अडाणीपणातून येत नाही. दैनंदिन आयुष्यात न लाभणारी जोपासना त्या वाचनातून मिळवीत असतात. ज्या वाचकवर्गाला आपल्यासारख्या प्रेमिकांचे मृत्यूच वाचावयास मिळाले, त्याने सुखान्ताचा हट्ट धरला तर त्याला मागचा इतिहास आहे.

तथापि तक्रार समजण्याजोगी असणे आणि ती कलाकृतीवर लागू पडणे या भिन्न गोष्टी होत. प्रेम येथे उणे आहे, हे निदान मला मान्य होण्यासारखे नाही. नेब्रास्कातील जत्रेचा प्रसंग पाहावा. मध्ययुगीन पोशाखांच्या त्या मेळ्यात सायमन आपले पंख न लपवता हिंडतो, कारण लोकांना ते सोंग वाटते. जे अंग लंडनमध्ये झाकून ठेवावे लागते, ते येथे खोटे समजले गेल्यामुळे खरेपणाने उघडे ठेवता येते. त्या दिवशी सायमन पुष्कळ दिवसांनी आनंदी दिसतो आणि बॅझ ते पाहत असतो. दोघांत मोठे संभाषण घडत नाही. परंतु आपल्या माणसाचा आनंद आपल्यावाचून परतलेला पाहणे, आणि तरीही त्याने सुखावणे, हे प्रेम नाही तर काय? कादंबरी आलटून पालटून निरनिराळ्या पात्रांच्या प्रथमपुरुषी निवेदनातून उलगडते, ही योजना येथे सार्थ ठरते. दोघांच्याही मनातील प्रेम वाचकाला ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त त्या दोघांना. वाचकाच्या चडफडण्याचे मूळ प्रेमाच्या अभावात नसून या अतिरिक्त ज्ञानात आहे. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हा विप्रलंभ आहे, आणि तोही एकाच मोटारीत शेजारी बसून भोगलेला.

आणखी एक गोष्ट बोलकी आहे. याच प्रवासात शिकागो येथे पेनेलोपीचा प्रियकर तिच्याशी असलेले नाते तोडून टाकतो. हे स्त्री-पुरुषाचे नाते कायमचे संपते, तरी वाचकांनी त्याबद्दल फारशी हळहळ दाखविल्याचे दिसत नाही. सायमन आणि बॅझ यांच्यात मात्र नुसता दुरावा आला तरी तो विश्वासघात वाटतो. एका जोडप्याला सामान्य जोडप्यासारखे फसण्याची मुभा आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर साऱ्या समूहाच्या आशेचे ओझे आहे. रॉवेल यांनी त्या दुसऱ्या जोडप्याला कंटाळण्याची, चुकण्याची, अबोल होण्याची मुभा दिली. हे माझ्या मते पूर्वभागातील नृत्याहून अधिक धाडसाचे होते.

याचा अर्थ वाचकांच्या सर्व आक्षेपांत तथ्य नाही असा नव्हे. उत्तरार्धातील लास व्हेगासचे प्रकरण भरकटते. तेथे स्वतः रक्तपिपासू असलेला बॅझ प्रथमच आपल्या जातीच्या मोकळ्या समाजात वावरतो, आपण काय आहोत हे त्याला कोणीतरी सांगते आणि सायमनच्या मनात मत्सर जागा होतो. हे सारे सूत्र समृद्ध आहे. पण जादू हस्तगत करू पाहणाऱ्या टोळीचे कारस्थान त्यावर येऊन आदळते आणि धावपळीत ते सूत्र निसटते. शेवट अधांतरी असण्याला हरकत नाही. येथे तो अधांतरी नसून तोडलेला आहे. कोंडी फोडण्याची वेळ येते नेमके तेव्हाच बाहेरचे संकट पात्रांना बोलण्यापासून वाचवते. या ठिकाणी लेखिकेने वाचकाची नव्हे, तर स्वतःच्या विषयाची फसवणूक केली, असे म्हणावे लागते.

‘एनी वे द विंड ब्लोज’ (२०२१) या तिसऱ्या खंडाने ही त्रयी पूर्ण झाली. तेथे सायमन आणि बॅझ बोलतात, रुसतात, अडखळत जवळ येतात, आणि लेखिका त्यावर पृष्ठेच्या पृष्ठे खर्ची घालते. सायमनचे जन्मरहस्य पहिल्या खंडातच वाचकाला कळले होते. खुद्द त्याला आपल्या आजीचा शोध लागतो तो येथे, सहा वर्षांनी. आपले मागणे पुरे झाले असे अनेक वाचकांना वाटले. काहींनी मात्र आता नवी तक्रार मांडली, की प्रेमालाच इतकी जागा दिल्यामुळे जादूचे कथानक क्षीण झाले आहे.